ग्रंथप्रसिद्धी आणि प्रकाशनसमारंभ : स्वतंत्र प्रसिद्धिकाराच्या व्यवसायाचे स्वरूप

ग्रंथ लिहिला जाणे, तो छापला जाणे आणि तो वाचकांस ठाऊक होणे या तीन भिन्न क्रिया होत. पहिल्या दोहोंचा विचार साहित्यशास्त्रात व मुद्रणाच्या इतिहासात पुष्कळ झाला आहे. तिसरीकडे मात्र निव्वळ व्यापारी बाब म्हणून दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु एखाद्या काळी कोणते ग्रंथ वाचले गेले व कोणते दुर्लक्षित राहिले याचा उलगडा तिसऱ्या क्रियेच्या ज्ञानावाचून होत नाही. ही क्रिया पार पाडण्यासाठी लेखक स्वतःच्या खर्चाने ज्याची नेमणूक करतो, त्या स्वतंत्र प्रसिद्धिकाराच्या कार्याचे स्वरूप येथे पाहावयाचे आहे. या व्यवसायाचा विकास विशेषेकरून अमेरिकेत झाला असल्यामुळे विवेचनातील बहुतेक उदाहरणे तेथील आहेत.

जाहिरात आणि प्रसिद्धी

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जाहिरात म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली जागा. तीत काय छापावे हे पैसे देणारा ठरवितो. प्रसिद्धी म्हणजे वृत्तपत्राने, नियतकालिकाने, आकाशवाणीने किंवा एखाद्या परीक्षकाने आपल्या मर्जीने घेतलेली दखल; ती विकत मिळत नाही आणि तिचा मजकूरही प्रसिद्धिकाराच्या हाती नसतो. प्रसिद्धिकार फक्त दखल घेण्यास योग्य असे कारण योग्य माणसापुढे योग्य वेळी ठेवतो.

ग्रंथाच्या बाबतीत जाहिरातीपेक्षा प्रसिद्धीचे महत्त्व अधिक का, याचे उत्तर ग्रंथाच्या स्वभावात आहे. साबणाची वडी संपली की गिऱ्हाईक तीच वडी पुन्हा विकत घेते, म्हणून एकदा केलेल्या जाहिरातीचा खर्च अनेक खरेद्यांवर विभागला जातो. पुस्तकाची प्रत वाचक सामान्यतः एकदाच घेतो, आणि प्रत्येक नवे पुस्तक ही एक नवी, अपरिचित वस्तू असते. शिवाय पुस्तकाचा गुण वाचल्यावाचून कळत नाही. तेव्हा विकत घेण्यापूर्वी वाचकास दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. हा दुसऱ्याचा विश्वासार्ह शब्द हेच ग्रंथप्रसिद्धीचे खरे भांडवल होय. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

तीन ऐतिहासिक उदाहरणे

वॉल्ट व्हिटमन याने 1855 मध्ये ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हा काव्यसंग्रह स्वतःच प्रसिद्ध केला. त्याची एक प्रत त्याने राल्फ वाल्डो इमर्सन यास पाठविली. इमर्सनने खाजगी पत्राने मुक्तकंठाने प्रशंसा केली, तेव्हा व्हिटमनने ते पत्र त्याच्या अनुमतीवाचून ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापू दिले आणि 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातील एक वाक्य इमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटविले. एवढ्यावर न थांबता त्याने आपल्याच संग्रहाची अनुकूल परीक्षणे निनावी लिहून नियतकालिकांत प्रसिद्ध केली. ग्रंथप्रसिद्धीचे सामर्थ्य आणि तिचा दोष ही दोन्ही या एकाच उदाहरणात दिसून येतात. इमर्सनचा शब्द खरा होता, म्हणून तो टिकला. निनावी परीक्षणांतील शब्द दुसऱ्याचा नव्हताच.

दुसरे उदाहरण एडवर्ड बर्नेज याचे. 1919 मध्ये न्यूयॉर्क येथे स्वतःची कचेरी उघडल्यावर त्याच्या प्रारंभीच्या अशिलांत ‘बोनाय अँड लिव्हराइट’ ही प्रकाशनसंस्था होती. पुस्तक निघाले ही स्वतः बातमी नसून पुस्तकातील विषय ही बातमी होऊ शकते, हे तत्त्व त्याने उपयोगात आणले. पुढे 1930 च्या सुमारास प्रकाशकांसाठी काम करताना त्याने घरे बांधणारे व सजविणारे यांना भिंतीतच पुस्तकांची फडताळे करण्यास प्रवृत्त केले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात दिलेली आहे. फडताळ रिकामे ठेवणे बरे दिसत नाही, हा त्यामागील तर्क. कोणत्याही एका प्रकाशकाचा नोकर नसलेला, अनेकांची कामे मोबदला घेऊन करणारा सल्लागार हे या व्यवसायाचे रूप येथे प्रथम स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण जॅकलिन सुझान हिचे. 1966 मध्ये निघालेली तिची ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ ही कादंबरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत 28 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. कादंबरीच्या वाङ्मयीन गुणांविषयी टीकाकारांचे मत प्रतिकूल होते. परंतु लेखिकेने व तिचे पती अर्व्हिंग मॅन्सफील्ड यांनी शहरोशहरी हिंडून पुस्तकविक्रेत्यांशी व्यक्तिगत परिचय केला, त्यांच्या नावांच्या नोंदी ठेवल्या, इतकेच नव्हे तर पुस्तकांची खोकी वाहून नेणाऱ्या मालमोटारीच्या चालकांनाही पहाटे जाऊन खाद्यपदार्थ दिले. ग्रंथ वाचकाच्या हाती पडेपर्यंत जितके हात मध्ये येतात, त्या सर्वांचे सहकार्य मिळविणे हा प्रसिद्धीचा भाग आहे, हे या दांपत्याने ओळखले होते.

स्वतंत्र प्रसिद्धिकाराची आवश्यकता

मोठ्या प्रकाशनसंस्थांत प्रसिद्धीचा वेगळा विभाग असतो. मग लेखकाने आणखी एक माणूस का नेमावा, असा प्रश्न साहजिक आहे. याची कारणे तीन. पहिले, विभागातील प्रत्येक कर्मचाऱ्याकडे एकाच हंगामात अनेक पुस्तके असतात, आणि ज्या पुस्तकास मोठी आगाऊ रक्कम दिली गेली त्याकडे त्याचे लक्ष अधिक राहते. दुसरे, परीक्षणाच्या जागा आटल्या आहेत. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आपली स्वतंत्र रविवार ग्रंथपुरवणी 2008 मध्ये व ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने 2009 मध्ये बंद केली. तिसरे, अॅमेझॉनने 2007 मध्ये किंडल व त्याबरोबर लेखकांनी स्वतः पुस्तक प्रसिद्ध करण्याची सोय आणल्यापासून ज्यांच्या पाठीशी प्रकाशकच नाही असा मोठा लेखकवर्ग निर्माण झाला. जागा कमी आणि उमेदवार अधिक, अशा स्थितीत मध्यस्थाचे महत्त्व वाढते.

या मध्यस्थाचे काम पुस्तक बाजारात येण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. ‘पब्लिशर्स वीकली’, ‘कर्कस रिव्ह्यूज’ व ‘लायब्ररी जर्नल’ ही पुस्तकविक्रेते व ग्रंथपाल यांच्यासाठी असलेली नियतकालिके प्रकाशनापूर्वी सुमारे तीन-चार महिने आगाऊ प्रत मागतात. लेखक छापील पुस्तक हाती आल्यावर प्रसिद्धिकाराकडे जातो, तेव्हा हा दरवाजा बहुधा बंद झालेला असतो. अननुभवी लेखकांची सर्वांत सामान्य चूक हीच होय. यानंतर प्रसिद्धिपत्रक, लेखकपरिचय, छायाचित्र आणि मुलाखतीसाठी संभाव्य प्रश्न यांची जुळणी होते. आणि शेवटी ज्या परीक्षकांस वा निवेदकांस त्या विषयात खरोखर रस आहे अशांची नावे निवडली जातात. पाचशे जणांस एकच पत्र धाडण्यापेक्षा वीस जणांस वीस निरनिराळी पत्रे लिहिणे अधिक फलदायी ठरते. परीक्षक त्या प्रसिद्धिकाराचे पत्र उघडून पाहतो याचे कारण इतकेच, की पूर्वी त्याने भलती पुस्तके त्याच्या माथी मारलेली नसतात.

मोबदला दरमहा ठराविक किंवा संपूर्ण कामाचा एकवट असतो. टपाल, प्रवास इत्यादी खर्च वेगळा. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. मोबदला प्रयत्नाचा असतो, फळाचा नव्हे. अमुक वृत्तपत्रात परीक्षण छापून आणण्याची हमी देणारा प्रसिद्धिकार एक तर फसवीत असतो, किंवा ती जागा गुपचूप विकत घेत असतो. लेखक बहुधा आपल्या बचतीतून हा खर्च करतो, आणि पुष्कळदा तो विक्रीतून भरून निघत नाही. तेव्हा पुस्तकाचा संभाव्य वाचकवर्ग लहान असल्यास तसे आधीच सांगणे व प्रसंगी काम नाकारणे हे प्रामाणिक प्रसिद्धिकाराचे पहिले कर्तव्य ठरते.

प्रकाशनसमारंभाचे प्रयोजन

लेखकास सर्वांत प्रिय असलेला, पण त्याचे प्रयोजन सर्वांत कमी समजलेला भाग म्हणजे प्रकाशनसमारंभ. समारंभात पुस्तके खपतात म्हणून तो करावयाचा, ही समजूत हिशेबापुढे टिकत नाही. समजा, साठ माणसे आली व त्यांतील तिसांनी प्रती घेतल्या. त्या तीस प्रतींवरील लेखकाच्या वाट्यातून सभागृहाचे भाडे व फराळ यांचाही खर्च बहुधा निघणार नाही. शिवाय आलेले बहुतेक आप्त व स्नेही असल्याने त्यांनी ते पुस्तक अन्यथाही घेतलेच असते.

मग समारंभ कशासाठी? प्रथमतः, तो पुस्तकाला एक तारीख देतो, आणि वार्तेला तारीख लागते. दुसरे, तो स्थानिक पुस्तकविक्रेत्यास पुस्तकाशी जोडतो. म्हणून जाणता प्रसिद्धिकार शक्यतो पुस्तकाच्या दुकानातच समारंभ ठरवितो, अथवा अन्यत्र ठरविल्यास विक्री विक्रेत्याकडे सोपवितो. लेखकाने पिशवीतून आणलेल्या प्रती विकल्या तर ती विक्री कोणत्याही नोंदीत येत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर झालेली विक्री येते, आणि ती पाहून विक्रेता पुन्हा प्रती मागवितो. अमेरिकेत नवी पुस्तके सामान्यतः मंगळवारी बाजारात येतात व पहिल्या आठवड्याच्या विक्रीस महत्त्व असते. म्हणून समारंभही त्याच आठवड्यात घेण्याचा प्रघात आहे. मात्र एकगठ्ठा खरेदी करून क्रमांक वर चढविण्याचा मार्ग निर्धोक नाही. अशा खरेदीची शंका आल्यास ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आपल्या यादीत त्या पुस्तकापुढे खंजिराची खूण करते.

कार्यक्रमाची आखणीही याच दृष्टीने होते. लेखकाचे वाचन दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक नसावे. त्यानंतर विषयाचा जाणकार असा संवादक असावा, कारण त्याच्यामुळे त्याचा स्वतःचा श्रोतृवर्ग येतो आणि अपरिचितांची संख्या वाढते. स्वाक्षरीच्या रांगेत वाचकाचे नाव आधीच चिठ्ठीवर लिहून प्रतीत घालण्याची पद्धत आहे. तीमुळे वेळ वाचतो, आणि नाव आठवत नसलेल्या जुन्या परिचितापुढे लेखकाची फजिती होत नाही. समारंभाचे यश उपस्थितांच्या संख्येवर मोजावयाचे नसून, त्यांतील किती जण दुसऱ्या दिवशी एखाद्या अनुपस्थित माणसाजवळ त्या पुस्तकाविषयी बोलले यावर मोजावयाचे असते.

विकत घेतलेला शब्द

दुसऱ्याचा विश्वासार्ह शब्द हे भांडवल मानले की त्याची खोटी नाणीही निघणारच. पुस्तकाच्या वेष्टनावरील प्रशंसेला ‘ब्लर्ब’ हे नाव गेलेट बर्जेस याने 1907 मध्ये विनोदाने दिले, यावरून त्या काळीही अशा प्रशंसेविषयी लोकांचे मत काय होते ते दिसते. आज हा प्रश्न विक्रीच्या संकेतस्थळांवरील अभिप्रायांच्या रूपाने अधिक तीव्र झाला आहे. अॅमेझॉनच्या नियमांनुसार लेखकाचे कुटुंबीय व निकटचे स्नेही त्याच्या पुस्तकावर अभिप्राय लिहू शकत नाहीत. म्हणजे समारंभास जमलेल्या मंडळींस तशी विनंती करणे हाच नियमभंग होतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये केलेल्या नियमाने खोटे अभिप्राय विकणे व विकत घेणे, तसेच अनुकूल मताच्या अटीवर मोबदला देणे, यांस मनाई केली आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांविषयी आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध केले. व्हिटमनने 1855 मध्ये जे केले ते आज विक्रीच्या संकेतस्थळावर करणाऱ्यास त्याच्या काव्यप्रतिभेचा आधार मिळणार नाही.

मराठी ग्रंथव्यवहाराच्या संदर्भात

मराठीत ही कार्ये अज्ञात नव्हती. ती वेगळ्या व्यवसायाच्या रूपाने उभी राहिली नाहीत एवढेच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी भागधारक व आगाऊ वर्गणीदार मिळविण्याकरिता जी खटपट केली, ती ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीच वाचकवर्ग सिद्ध करण्याची खटपट होती. नियतकालिकांतील ‘साभार पोच’ हे सदर म्हणजे परीक्षणार्थ आलेल्या पुस्तकांची निदान नोंद होण्याची व्यवस्था होय. परंतु पोच म्हणजे परीक्षण नव्हे, हा अनुभव मराठी लेखकांस चांगलाच परिचित आहे.

आपल्याकडील प्रकाशनसमारंभाची धाटणी मात्र निराळी आहे. दीपप्रज्वलन, मान्यवरांच्या हस्ते वेष्टन सोडणे, शाल व श्रीफळ, अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन या क्रमात ग्रंथाचा सन्मान होतो. पण ग्रंथातील मजकूर श्रोत्यांच्या कानी पडण्यास पुष्कळदा अवकाशच उरत नाही. ग्रंथ न वाचताच आलेल्या वक्त्याची स्तुती ही उपचार म्हणून स्वीकारली जाते. तीवर विसंबून कोणी पुस्तक घेत नाही. या धाटणीतील गांभीर्य कायम ठेवूनही वक्त्यांस महिनाभर आधी प्रत पोहोचविणे, वाचनास दहा मिनिटे राखून ठेवणे आणि विक्री स्थानिक विक्रेत्याकडे देणे, एवढे तीन फेरफार कोणत्याही वाढीव खर्चावाचून करता येण्यासारखे आहेत.

तात्पर्य, प्रसिद्धिकार वाचक निर्माण करीत नाही. तो वाचक आणि ग्रंथ यांमधील अंतर कमी करतो, आणि तेही दुसऱ्याच्या विश्वासावर. तो विश्वास एका पुस्तकासाठी खर्ची घातला तर पुढच्या पुस्तकासाठी त्याच्यापाशी काहीच उरत नाही. म्हणून या व्यवसायात प्रामाणिकपणा हा नीतीचा प्रश्न आहेच, पण त्याचबरोबर तो उपजीविकेचाही प्रश्न आहे.