तुसाच्या गादीवरची ऊब

पेठ, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातील कोंबडीपालनाच्या शेडमध्ये एकदिवसीय पिल्ले उतरतात, तेव्हा त्यांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब बाहेरून द्यावी लागते. हिवाळ्याच्या रात्री विजेचा भरवसा नसल्यामुळे बल्बांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला गॅस ब्रूडर टांगला जातो. हे यंत्र साधे आहे; ते जिथे चालते ती जागा मात्र तशी नाही. खाली भाताच्या तुसाची गादी, तिच्यावर अंथरलेले वर्तमानपत्र, बाजूंना बारदानाचे पडदे आणि छताच्या आधारांवर साचलेली पिसांची धूळ, असा सारा संसार असतो. पिल्लांना जे उबदार ठेवते, ते बहुतेक जळाऊच असते.

ब्रूडरमधील ज्योत सिरॅमिकची सच्छिद्र तबकडी तापवून लालबुंद करते आणि त्या तबकडीतून अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर पडतात. हे किरण वाटेतली हवा फारशी न तापवता ज्या वस्तूवर पडतात तिलाच तापवतात, आणि अंतर निम्मे झाले की त्यांची तीव्रता साधारण चौपट होते, त्यामुळे साखळीची एखादी कडी निसटून ब्रूडर वीतभर खाली आला किंवा तिरका झाला, तरी ज्योतीचा स्पर्श न होताही कागद करपू लागतो. म्हणून ब्रूडर उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर छताच्या पक्क्या आधाराला साखळीने टांगावा, दुसरी राखीव साखळी जोडावी आणि गॅसच्या नळीवर त्याचा भार कधीही येऊ देऊ नये. तुसाचा स्वभाव आणखी फसवा आहे : त्यात सिलिका भरपूर असल्याने ते भडकण्यापेक्षा धुमसते, वर राखेचा थर धरते आणि आत तासन्‌तास निखारा जपते. वरवर विझलेली अशी गादी पाणी मारून उकरल्याशिवाय विझली असे मानता येत नाही.

सिलिंडरमधील प्रोपेन व ब्यूटेन हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास ते छताकडे न जाता जमिनीलगत, म्हणजे नेमके गादीच्या पातळीवर साचतात, आणि हवेतील त्यांचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. सिलिंडर शेडबाहेर, उभा आणि सावलीत असावा, हा नियम त्यातूनच येतो. थंडीत ब्यूटेनची वाफ मंदावते, सिलिंडरवर दव धरते आणि दाब उतरतो. अशा वेळी त्याला शेकण्याचा मोह होतो, पण त्यावरचा खरा उपाय दोन सिलिंडर जोडून भार वाटणे हा आहे.

ऊब टिकावी म्हणून पडदे घट्ट ओढले जातात आणि तिथेच दुसरा घोटाळा सुरू होतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ती न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि मिळाली तरी त्या किलोमागे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने शेडमध्ये सुटते. या ओलाव्याने गादी भिजते, जिवाणू विष्ठेतील युरिक आम्लापासून अमोनिया तयार करतात आणि तो अमोनिया पितळेला चिरा पाडतो. ब्रिटिश काळात भारतातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली असता तडकत. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. शेडमधील पितळी जोडण्यांना हाच धोका असतो, आणि त्या बाहेरून धडधाकट दिसत असतानाही केसाएवढ्या चिरेतून गॅस झिरपतो. त्यामुळे दर नव्या खेपेआधी, ज्योत न पेटवता सिलिंडर उघडून प्रत्येक जोडणीवर साबणाचा फेस लावावा लागतो. चीर असेल तिथे फेसाचे बुडबुडे फुगत राहतात.