चित्रपुस्तकातील सहकर्तृत्व : दुर्गाबाई व सुभाष व्याम यांच्या 'भीमायन'च्या अनुषंगाने

बीजशब्द : चित्रपुस्तक, सहकर्तृत्व, परधान गोंड चित्रकला, दिग्ना, आंबेडकरचरित्र.

प्रस्तावना

मराठीत 'सचित्र पुस्तक' आणि 'चित्रपुस्तक' हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक त्यांत मूलभूत भेद आहे. सचित्र पुस्तकातून चित्रे काढून टाकली तरी कथा शिल्लक राहते. चित्रपुस्तकातून ती काढली तर कथा लंगडी पडते, कारण तिचा अर्धा भाग शब्दांनी सांगितलेलाच नसतो. हा भेद मान्य केला की लगेच कर्तृत्वाचा प्रश्न उभा राहतो. अशा पुस्तकाचा कर्ता कोण? आणि चित्रे पती-पत्नींनी मिळून काढली असतील, तर ती कोणाची मानावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याच्या कामाच्या आधारे केला आहे.

हे दांपत्य भोपाळचे. तथापि त्यांचे सर्वांत गाजलेले संयुक्त काम, 'भीमायन' (नवयान, २०११), हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्रमय चरित्र असून त्यातील घटनांचा मोठा भाग मसूर, महाड, चाळीसगाव, दौलताबाद अशा आपल्याच भूमीवर घडतो. याशिवाय जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले ज्या वर्गांत शिकतात, तेथील शिक्षकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

भिंतीवरून कागदाकडे

दुर्गाबाईंचा जन्म पूर्वीच्या मंडला जिल्ह्यातील बरबसपूर या गावचा. त्यांचे शालेय शिक्षण झाले नाही. लहानपणी आजीकडून त्या दिग्ना शिकल्या. लग्नप्रसंगी आणि सुगीच्या सणांना घराच्या भिंतींवर व जमिनीवर मातीच्या रंगांनी काढावयाची भौमितिक आकृती म्हणजे दिग्ना. हे काम स्त्रियांचे. सुभाष हे मूळचे माती व लाकूड यांत मूर्तिकाम करणारे. सुभाष यांच्या भगिनी नानकुसिया यांचे पती जनगढ सिंह श्याम. भोपाळच्या भारत भवनाने (स्थापना १९८२) आणि तेथील चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी जनगढ यांच्या हाती कागद व रंग दिले. त्यातून जी शैली घडली तिला पुढे 'जनगढ कलम' असे नाव पडले. २००१ साली जनगढ यांचा जपानमध्ये अकाली मृत्यू झाला, परंतु तोपर्यंत त्यांचे अनेक आप्त भोपाळला येऊन चित्रे काढू लागले होते. व्याम दांपत्य त्यांपैकी एक.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. घराच्या भिंतीवरील चित्र स्त्रीच्या हातचे असते आणि ते कागदावर उतरून बाजारात येते तेव्हा नाव बहुधा पुरुषाचे होते. वारली चित्रकलेचा इतिहास याचीच साक्ष देतो. लग्नचौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, पण १९७०च्या दशकानंतर जगापुढे जे नाव आले ते जिव्या सोमा मशे यांचे. मशे यांची थोरवी याने तिळमात्र कमी होत नाही. मात्र ज्या सवाशिणींनी चौक लिहिले त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत, हेही तितकेच खरे. या पार्श्वभूमीवर 'भीमायन'वर चित्रकार म्हणून दुर्गाबाई आणि सुभाष अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी येतात, हे लहानसे वाटणारे तथ्य महत्त्वाचे ठरते.

दुर्गाबाईंची स्वतंत्र कारकीर्दही मोठी आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' या पुस्तकाच्या तीन चित्रकारांपैकी त्या एक (अन्य दोघे भज्जू श्याम व रामसिंह उर्वेती). काळ्या कागदावर हाताने छापलेल्या या पुस्तकास २००८ साली बोलोन्या येथील बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार लाभला. श्रमप्रतिष्ठेविषयी कांचा इलैया यांनी मुलांसाठी लिहिलेल्या २००७ सालच्या पुस्तकाची चित्रे त्यांचीच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

'भीमायन'ची चित्रभाषा

'भीमायन'चा मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांतील प्रसंग हा त्याचा मुख्य आधार. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत ते मांडले असून त्यांभोवती आजच्या शहरातील दोन व्यक्तींचा संवाद गुंफला आहे. आरक्षणावर चिडलेल्या तरुणाला एक स्त्री ही कथा सांगते.

चित्रकथेची रूढ मांडणी चौकटींची असते. व्याम दांपत्याने ती नाकारली. माणसांना खोक्यांत कोंबल्यासारखे होते, त्यांना मोकळी जागा हवी, अशी त्यांची भूमिका होती. चौकटींच्या जागी त्यांनी दिग्नाचे वळणदार पट्टे वापरले आणि पान त्या पट्ट्यांनीच विभागले. बरबसपूरच्या भिंतीवरील स्त्रियांची आकृती अशा रीतीने पुस्तकाचे व्याकरण बनली.

शब्दफुग्यांची योजना तर विशेष अभ्यासनीय आहे. मृदू, सोसणाऱ्या माणसांचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. ज्यांची वाणी डंख मारते त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या मनात चाललेल्या विचाराला डोळ्याची खूण आहे. आगगाडी सापासारखी वळते, दौलताबादचा किल्ला हिंस्र पशूचे रूप घेतो, तहानेने व्याकूळ भीमाच्या देहात मासा दिसू लागतो. अलंकार म्हणून हे केलेले नाही. परधान हे परंपरेने गोंडांचे कथागायक, बाना हे वाद्य वाजवून वंशकथा सांगणारे. माणूस, प्राणी आणि झाड यांत अभेद्य भिंत न मानणारी त्यांची कथनदृष्टीच येथे रेषेतून बोलते.

१९०१ सालचा मसूरचा प्रसंग घ्या. वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावकडे निघालेली चांगल्या कपड्यांतील मुले स्थानकावर उतरतात. जात कळताच स्थानकप्रमुखाचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडीवान तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने पायी चालायचे या अटीवर. सोबत भाकरी आहे, पाणी नाही. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग दहा ओळींत संपतो आणि विद्यार्थी तो पाठ करतो. प्रस्तुत लेखकाने एका तासाला या पुस्तकाची काही पाने मजकूर झाकून प्रथम वर्षाच्या वर्गास दाखविली. विंचवाची नांगी कोणत्या बोलण्याला आहे, हे मागच्या बाकांवरून आधी सांगितले गेले. इंग्रजी मजकूर वाचताना हीच मुले एरवी मान वर करीत नाहीत. एका तासावरून सिद्धान्त मांडता येणार नाही, याची जाणीव आहे. परंतु निरीक्षण नोंदविण्याजोगे निश्चित आहे.

एक दूरचा दाखला

पती-पत्नींनी मिळून लोकनेत्याचे चित्रचरित्र काढण्याचा याआधीचा प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. नॉर्वेत जन्मलेल्या इन्ग्री आणि त्यांचे पती एडगर पारिन डोलेर यांच्या 'अब्राहम लिंकन' या पुस्तकास १९४० सालचे कॅल्डिकॉट पदक मिळाले. दोघेही शिळाछापाच्या दगडावर स्वतः रेखाटन करीत आणि कोणती रेघ कोणाची हे वाचकास कळू देत नसत. साम्य येथेच संपते. डोलेर दांपत्याच्या पुस्तकात लिंकनची हत्या नाही. युद्ध संपते आणि थकलेला लिंकन खुर्चीत बसतो. मुलांना अप्रिय ते दाखवू नये, ही त्या काळची समजूत. 'भीमायन' ही सवलत घेत नाही. त्यात २००६ सालच्या खैरलांजी हत्याकांडापर्यंतचे संदर्भ येतात. मुलांच्या पुस्तकात एवढे दाहक वास्तव असावे काय, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्या वयात मूल पाणवठ्यावरील अपमान भोगू शकते त्या वयात ते त्याविषयी वाचूही शकते.

कर्तृत्वाचा कायदा आणि नोंदवही

भारतीय प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार (१९५७) चित्राचा कर्ता हा चित्रकारच असतो. मजकूर आणि चित्रे या दोन वेगळ्या कृती आहेत. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, ती 'संयुक्त कर्तृत्वाची कृती' ठरते आणि तिच्या हक्काची साठ वर्षे सर्वांत शेवटी निवर्तणाऱ्या कर्त्यापासून मोजली जातात. पती-पत्नी एकाच कागदावर काम करतात तेव्हा नेमकी हीच स्थिती असते. कायद्याने घराण्याचा प्रमुख, कमावता पुरुष असे काही विचारलेले नाही. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दोन लेखकांच्या शोधनिबंधाचे प्रत्येकी सत्तर टक्के श्रेय मिळते. शंभराचे दोन भाग केल्यावर एकशे चाळीस होतात, हे त्या नियमावलीलाही सहकार्याचे गणित वेगळे असते असे वाटत असल्याचे लक्षण म्हणावयाचे!)

व्यवहार मात्र कायद्यापासून दूर आहे. एका ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत 'भीमायन'समोर 'लेखक' या रकान्यात केवळ मजकूरकर्त्यांची नावे आढळली. चित्रकारांसाठी रकानाच नव्हता. ग्रंथपालांचा यात दोष नाही. नोंदवही छापणाऱ्याच्या मनात पुस्तक म्हणजे शब्द, एवढीच कल्पना होती. पण या पुस्तकाची पाने ज्यांनी मांडली, फुग्याला नांगी ज्यांनी दिली, त्यांच्या नावाने शोध घेणाऱ्यास तेथे काही सापडत नाही.

आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि भीमाशंकरच्या डोंगरात शासकीय आश्रमशाळा आहेत. या शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांना पुढील सत्रात प्रकल्पकार्य देताना, आई-वडिलांनी मिळून सांगितलेली एक गोष्ट आणि तिची घरातच काढलेली चित्रे असे एकत्र आणावयास सांगता येईल. गोष्ट कोणी सांगितली, रेघ कोणी ओढली, रंग कोणी भरला, अशी नोंद प्रत्येक पानामागे असावी आणि मुखपृष्ठावर दोघांचीही नावे संपूर्ण लिहावीत. आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्यास कोणाची हरकत येते काय, हेही त्या निमित्ताने पाहता येईल.