लक्षवेधी वर्तन, कुत्र्याचे

लक्षवेधी वर्तन, कुत्र्याचे : पाळीव कुत्र्याने माणसाचे लक्ष, स्पर्श, खाद्य किंवा खेळ मिळविण्यासाठी केलेले व प्रतिसाद मिळेपर्यंत चालू ठेवलेले वर्तन. सारखे भुंकणे, कुंईकुंई करणे, पंजाने ओरखडणे, नाकाने हात ढोसणे, अंगावर उड्या मारणे, जेवणाऱ्याच्या ताटाकडे एकटक पाहत बसणे, चप्पल पळवून समोर मिरविणे ही त्याची नेहमीची रूपे होत. लक्ष वेधणे हा मुळात कुत्र्याच्या माणसाशी असलेल्या सहजीवनाचाच भाग आहे. ते वारंवार, अवेळी आणि वाढत्या जोराने होऊ लागले, म्हणजे घरातील माणसांना त्रासदायक ठरते. वृद्ध व लहान मुले यांच्या बाबतीत कुत्र्याच्या उडीने पडण्याचा धोकाही असतो.

स्वरूप : माणसाचे लक्ष कोठे आहे, हे कुत्र्यास चांगले ओळखता येते. मनाई केलेले खाद्य माणूस पाहत असताना कुत्री कमी वेळा उचलतात, तर त्याने पाठ फिरविल्यास किंवा डोळे मिटल्यास अधिक वेळा उचलतात, असे लाइपसिक येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले. इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये २४ कुत्र्यांचे निरीक्षण केले. माणसाचे तोंड कुत्र्याकडे असताना भुवया उचलण्यासारख्या त्याच्या चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या. केवळ खाद्य दिसल्याने तसा फरक पडला नाही. यावरून माणसाचे लक्ष ही कुत्र्याच्या दृष्टीने स्वतंत्र महत्त्वाची गोष्ट आहे, हे दिसून येते.

कारणे : ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक असतो ती दृढ होते, हा परिणामाचा नियम एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी त्यावरून साधक अभिसंधानाची उपपत्ती विकसित केली. कृतीमागून मिळणाऱ्या व ती दृढ करणाऱ्या फळास ‘प्रबलन’ म्हणतात. चहाच्या वेळी कुत्रा भुंकतो, त्याला गप्प करण्यासाठी बिस्किट टाकले जाते आणि तो गप्प बसतो. मालकाला उपाय सापडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात भुंकल्याने बिस्किट मिळते, हा धडा कुत्र्याला मिळालेला असतो.

रागावणे हेदेखील पुष्कळदा प्रबलनच ठरते. एकट्या पडलेल्या कुत्र्याकडे वळून पाहणे, त्याचे नाव घेऊन ओरडणे व त्याला हाताने दूर लोटणे यांत दृष्टी, आवाज आणि स्पर्श या तिन्ही गोष्टी त्याला मिळतात.

प्रबलन दर वेळी न मिळता मधूनमधून मिळाले, तर शिकलेली कृती अधिक चिवट होते. हे आंशिक प्रबलन होय. घरातील चौघांनी दुर्लक्ष केले आणि आजोबांनी कधीतरी ताटातील पोळीचा तुकडा दिला, तर ताटाजवळचा हट्ट सुटत नाही. उलट न कंटाळता वाट पाहण्याची सवय लागते. कुत्र्याचा ‘हट्टी स्वभाव’ म्हणून जे सांगितले जाते, ते अनेकदा घरातील माणसांच्या विसंगत वागण्याचे प्रतिबिंब असते.

अपुरा व्यायाम, दिवसभराचा एकांत व करण्यासारखे काहीच नसणे यांमुळे ही मागणी वाढते. बॉर्डर कॉली, लॅब्रॅडॉर यांसारख्या कामासाठी पैदास केलेल्या जातींची कुत्री लहान सदनिकेत बांधून ठेवल्यास हे विशेषत्वाने जाणवते. पूर्वी शांत असलेला कुत्रा अचानक असे वागू लागल्यास मात्र वेदना, त्वचेची खाज, मूत्रमार्गाचा विकार, वार्धक्यामुळे मंदावलेली दृष्टी वा श्रवण यांची शक्यता पशुवैद्याकडून प्रथम तपासून घेणे आवश्यक असते.

वर्चस्वाची कल्पना : असा कुत्रा मालकावर वर्चस्व गाजवू पाहतो व त्याला बळाने नमविले पाहिजे, हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. त्याचे एक मूळ रूडॉल्फ शेंकेल यांनी बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या व १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप हा सामान्यतः आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असतो, असे एल्. डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. बळाचा वापर धोक्याचाही असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी वर्तनसमस्यांसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली (२००९). मारणे, डोळे रोखून पाहणे, उताणे दाबून धरणे असे उपाय ज्यांच्यावर केले गेले, त्यांपैकी किमान चतुर्थांश कुत्र्यांनी आक्रमक प्रतिसाद दिल्याचे आढळले.

व्यवस्थापन : हे वर्तन केव्हा घडते, कोणासमोर घडते आणि त्यातून कुत्र्याला काय मिळते, याची काही दिवस नोंद ठेवल्यास प्रबलन कोठून येते ते कळते. ते थांबविण्यासाठी भुंकणे वा उडी मारणे सुरू होताच न बोलता तोंड फिरवावे, हात जवळ घ्यावेत किंवा खोलीबाहेर जावे. कुत्रा शांत होताच, अगदी क्षणभर झाला तरी, त्याच्याकडे लक्ष द्यावे. घरातील सर्वांनी व येणाऱ्या पाहुण्यांनीही हा नियम पाळावा लागतो.

प्रबलन थांबताच वर्तन प्रथम कमी न होता वाढते. नेहमीचा उपाय निष्फळ ठरल्याने कुत्रा अधिक मोठ्याने व अधिक वेळ भुंकतो. या उद्रेकाच्या वेळी माघार घेतल्यास पुढे तेवढ्याच जोराने भुंकावे, हेच त्याला शिकविले जाते. म्हणून तो सहन करण्याची तयारी नसेल, तर हा उपाय आरंभू नये.

केवळ दुर्लक्ष पुरेसे नसते. मागणीसाठी कुत्र्याला दुसरी, स्वीकारार्ह रीत शिकवावी लागते, उदा., खाली बसणे किंवा ठराविक चटईवर जाणे. नवी रीत प्रारंभी दर वेळी फळास आली पाहिजे. चटईवर बसलेल्या कुत्र्याकडे कोणी पाहत नाही व भुंकणाऱ्याकडे सर्व पाहतात, अशी स्थिती राहिल्यास तो भुंकण्याकडेच वळतो. फिरणे, वास घेत हिंडणे, लपविलेले खाद्य शोधणे व मालकाबरोबरचा खेळ यांच्या वेळा नियमित ठेवल्यास, मागण्यापूर्वीच गरज भागते आणि मागण्याचे कारण कमी होते.

मर्यादा : फटाके वा वादळ यांची भीती, वेदना, एकटेपणातील तीव्र अस्वस्थता, तसेच मलमूत्रविसर्जनासाठी बाहेर नेण्याची सूचना यांकडे दुर्लक्ष करणे अयोग्य व क्रूरपणाचे ठरते. गुरगुरणे किंवा चावणे सुरू झाल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार प्राण्यास अनावश्यक वेदना होईल असे मारणे हा गुन्हा आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम देण्यात मालकाने केलेली हयगयही त्याच कलमाखाली येते. त्रासदायक ठरणाऱ्या कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवणे हा रूढ उपाय त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह ठरू शकतो. शिवाय या वर्तनाचे एक प्रमुख कारण त्याने आणखी वाढते.