अळूच्या पानातल्या सुया

श्रावण लागला की कपिलतीर्थ मंडईत अळूच्या जुड्या येतात. गिऱ्हाईक भावाआधी विचारतं, "खाजायचा न्हाई न्हवं?" मावशी काळा देठ पुढं करतात, "वडीचा हाय, बिनघोर न्या." मी अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते आणि स्फटिकांचा धडा या खाजेपासूनच सुरू करते.

देठाचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की साध्या पेशींच्या गर्दीत मध्येच एखादी लांबट, फुगीर पेशी दिसते. तिच्यात सुयांचा जुडगा असतो. प्रत्येक सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार. कधी कधी पाणी आत शिरून पेशीतला चिकट द्रव फुगतो, टोक उघडतं आणि सुया एकामागून एक बाहेर सुटतात. तेवढं दिसावं म्हणून मुलं एकमेकांना ढकलत रांग लावतात. आता त्याच झाडात जरा शोधा. दुसऱ्या पेशींत काटेरी, गोल स्फटिक सापडतात. सुई आणि गोळा, पदार्थ मात्र एकच: कॅल्शियम ऑक्झलेट.

हाच पदार्थ प्रयोगशाळेत करायला क्षणही लागत नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात अमोनियम ऑक्झलेट ओतलं की पांढरा साका खाली बसतो. त्यात असा नीट बांधलेला जुडगा सापडत नाही. आपल्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीखालचा जाळ आणि वाफ्यातलं घोटणं सांभाळून गुळाचा रवा बारीक की जाड ते ठरवतो; पण साखरेचा कण शेवटी आपल्याच घडणीनं वाढतो. अळूची पेशी याच्या पुढं जाते. ती आधी साचा तयार करते. पेशीच्या रसधानीत पातळ पडद्यांचे लांब, अरुंद कप्पे बनतात, एका सुईला एक कप्पा. कॅल्शियम आणि ऑक्झलेट त्यात बेताबेतानं सोडलं जातं. शिवाय काही प्रथिनं स्फटिकाच्या ठरावीक बाजूंना चिकटून तिकडची वाढ रोखतात. वाव उरतो तो लांबीला. मला या सगळ्यात थोर वाटतो तो हा संयम: पदार्थ हाताशी असूनही तो भलतीकडं साचू द्यायचा नाही.

हा खटाटोप झाडाला करावा लागतो, कारण मुळं पाण्याबरोबर कॅल्शियम ओढतच राहतात आणि पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी नाममात्रच चालतं. त्याच्या चढउतारांवर पेशीचे निरोप चालतात. जास्तीचं बांधून ठेवणं भाग असतं. त्यासाठी लागणारं ऑक्झलेट बऱ्याच वनस्पती चक्क क जीवनसत्त्वापासून बनवतात. पंचगंगेत दरवर्षी माजणाऱ्या केंदाळाच्या स्पंजासारख्या देठातही अशाच सुया असतात.

सुया किड्यांनाही अडवतात, पण एकट्यानं नव्हे. 2014 साली जपानी संशोधकांनी किवी फळातल्या सुया आणि प्रथिनं तोडणारं विकर एरी रेशमाच्या अळ्यांना वेगवेगळं देऊन पाहिलं. फारसं काही बिघडलं नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर अळ्या मेल्या. सुई भोक पाडते आणि विकर त्यातून आत शिरतं. अळूच्या खाजेतही सुयांवरच्या प्रथिनाचा हात असल्याचं दिसलं आहे. शिजवताना सुया विरघळत नाहीत, प्रथिनं मात्र मोडतात; म्हणून अळू कच्चा राहिला तर घशात खाजतो. दिवाणखान्यातलं डिफेनबेकिया याच कुळातलं. लहान मुलानं त्याचं पान चावलं तर तोंड सुजतं, तेव्हा कुंडी उंचावर ठेवावी.

आपल्या देहातही हेच स्फटिक होऊ शकतात. मूतखड्यांपैकी बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट इतकं विरघळलेलं असतं की खडा धरायला निमित्त पुरे. तरीही बहुतेकांना तो होत नाही, कारण आपलं शरीरही अडवायचं काम करतं. लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक धरलाच तर त्याच्या पृष्ठभागावर चिकटून पुढचा थर चढू देत नाही. ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिनही तेच करतं. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी पडतं त्यांना डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात आणि पाणी भरपूर प्यायला सांगतात.