मेपलची दांडी आणि झिजलेले पडदे

तारवाद्याचा पडदा ही झिजण्यासाठीच बसविलेली वस्तू होय. बोटाने दाबलेली पोलादी तार पडद्यावर टेकते, त्यावर घासली जाते, आणि वर्षानुवर्षांच्या वादनानंतर पडद्याच्या माथ्यावर खळगे पडतात. सतारीच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. मिरजेच्या सतारमेकरांना झिजलेले पडदे घासून नीट करणे किंवा नवे बांधणे हे काम नवे नाही. गोव्याच्या संगीतजीवनात रुळलेल्या आणि आता आपल्या सर्वच शहरांत दिसणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारीवरही हीच झीज होते. परंतु तिचे पडदे बदलणे हे निराळ्या जातीचे काम आहे. आणि दांडी मेपलच्या लाकडाची असली तर ते विशेष नाजूक ठरते. हे काम कधी करावे, कसे करावे, आणि ते करताना काय गमावण्याचा संभव असतो, याचा आज विचार करू.

प्रथम पडद्यापडद्यांतील भेद पाहू. सतारीचा पडदा म्हणजे धातूची कमानदार पट्टी. ती दोऱ्याने दांडीला बांधलेली असते आणि वादक रागाप्रमाणे ती वरखाली सरकवू शकतो. दक्षिणेकडील सरस्वतीवीणेचे चोवीस पडदे मेणाच्या लुकणात बसविलेले असतात. मेण काढून ते पुन्हा लावता येतात. गिटारीचा पडदा मात्र दांडीच्या लाकडातच कापलेल्या आडव्या खाचेत ठोकून बसविलेला असतो. त्याचा छेद छत्रीसारखा दिसतो. वर गोलसर माथा, खाली पातळ पात, आणि पातीच्या दोन्ही अंगांना बारीक काटे. हे काटे लाकडात रुततात, म्हणून पडदा जागच्या जागी राहतो.

त्याची जागाही वादकाच्या इच्छेवर नसते. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे, तर प्रत्येक पडद्यागणिक तारेची कंप पावणारी लांबी १.०५९५ या संख्येने भागावी लागते. फेंडर जातीच्या गिटारीवर तारेची लांबी साधारणतः साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर धरलेली असते. त्या हिशेबाने पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर येतो, आणि विसाव्या व एकविसाव्या पडद्यांत जेमतेम साडेअकरा मिलिमीटरांचे अंतर उरते. तात्पर्य, दुरुस्ती करणाऱ्याला पडद्याची जागा बदलण्याची मुभा नाही. जुनी खाच जपणे हेच त्याचे पहिले कर्तव्य.

आता मेपलविषयी. ज्या वृक्षाच्या रसापासून उत्तर अमेरिकेत गोड पाक तयार करतात, त्याचेच हे कठीण, फिकट रंगाचे लाकूड. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५० साली ठोकळ्यासारख्या भरीव अंगाची गिटार बाजारात आणली. १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. या गिटारींची दांडी मेपलच्या एकाच तुकड्याची असे. इतर गिटारींप्रमाणे तिच्यावर शिसवीसारख्या दुसऱ्या लाकडाची पट्टी चिकटवलेली नसे. खाचा थेट मेपलमध्येच कापलेल्या असत. आतील पोलादी गज मागच्या बाजूने बसवून ती चर अक्रोडाच्या पट्टीने बुजवीत, म्हणून अशा दांडीच्या पाठीवर एक गडद रेघ दिसते.

मेपल उघडे ठेवता येत नाही. शिसवीच्या जातीचे लाकूड तेलकट व गडद असल्यामुळे हाताचा घाम आणि मळ त्यावर लपून जातो. मेपल मात्र तो शोषून घेते आणि करडे पडते. म्हणून त्याच्या दर्शनी बाजूवर लॅकरचा पारदर्शक थर द्यावा लागतो. त्या काळी हा थर पुष्कळदा पडदे बसविल्यानंतर, पडद्यांवरूनच फवारीत असत. परिणामी लाकूड, पडदा आणि लॅकर हे तिन्ही एकाच कवचाखाली जोडले गेले. पुढे साठाच्या दशकाच्या अखेरीस नायट्रोसेल्युलोज लॅकरची जागा अधिक जाड आणि ठिसूळ अशा पॉलिएस्टरने घेतली. पडदे बदलण्यातील बहुतेक अडचणींचे मूळ या कवचात आहे.

पडदे खरोखर बदलण्याजोगे झाले आहेत, हे कसे ओळखावे? हे पडदे बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते; तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू होय. पोलादी तारेपुढे तो मऊ पडतो. पहिल्या तीन-चार पडद्यांवर, बारीक तारांच्या खाली, आधी खळगे दिसू लागतात. खळग्यात दाबलेली तार पुढच्या, कमी झिजलेल्या पडद्याला लागते आणि किरकिर ऐकू येते. जे वादक तार आडवी ओढून मींडेसारखा स्वर काढतात, त्यांच्या गिटारीवर मधल्या पडद्यांचे माथे सपाट होतात. सपाट माथ्यावर तार मध्यावर न टेकता घोडीकडील कडेवर टेकते. तेवढी तिची लांबी घटते आणि स्वर किंचित चढा लागतो. खुंट्या कितीही पिळल्या तरी हा दोष जात नाही.

तथापि खळगे दिसले की लगेच पडदे उपटावे असे नव्हे. नवा पडदा साधारण एक ते दीड मिलिमीटर उंच असतो. पुरेशी उंची शिल्लक असेल, तर सर्व पडदे लांब सरळ कानशीने एका पातळीत घासून त्यांचे माथे पुन्हा गोल करता येतात. असे एक-दोनदा सहज होते. जेव्हा सर्वांत खोल खळग्याच्या पातळीला घासल्यावर बोटाला पडदा जाणवणारच नाही अशी स्थिती येते, तेव्हाच बदलण्याची वेळ आली असे समजावे. पुष्कळदा पहिले चार-पाच पडदेच झिजलेले असतात; अशा वेळी तेवढेच बदलून बाकीच्यांच्या पातळीत आणणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे.

येथे एक सोपा मोह आड येतो. फेंडर जातीच्या गिटारीची दांडी चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली असते. स्क्रू काढावे, नवी दांडी बसवावी, काम संपले. रचनाच तशी आहे, आणि साध्या गिटारीला हा उपाय पैशाच्या दृष्टीने परवडतोही. परंतु ज्या दांडीवर एखाद्याने वीस वर्षे हात फिरवला आहे, तिची जाडी, तिच्या कडांची गोलाई त्याच्या तळहाताला पाठ झालेली असते. जुन्या दांडीचे लाकूडही बहुधा आपल्या स्वभावाप्रमाणे वळून स्थिरावलेले असते. नव्या दांडीचा स्वभाव कळायचा असतो. म्हणून चांगली दांडी टाकून देण्यापेक्षा तिचे पडदे बदलणे श्रेयस्कर.

आता प्रत्यक्ष कृती. जुना पडदा काढताना मेपलवर पहिले हत्यार चालते ते धारदार सुरीचे. पडद्याच्या दोन्ही कडांना जेथे लॅकर चिकटले आहे, तेथे हलकी रेघ ओढून ते सोडवून घ्यावे लागते. हे न केल्यास पडद्याबरोबर लॅकरची ढलपी उडते आणि तिच्याखालचे लाकूडही कित्येकदा उखडते. त्यानंतर पडद्याचा माथा डाग देण्याच्या इस्त्रीने किंचित तापवितात, म्हणजे जुना सरस सैल होतो. उष्णता बेताचीच हवी, कारण नायट्रोसेल्युलोज मऊ पडते आणि जळणारेही आहे. मग तोंड सपाट घासलेल्या चिमट्याने एका टोकापासून, तीळ तीळ पुढे सरकत, पडदा वर घ्यावयाचा. झटका देऊन ओढणे वर्ज्य. फेंडरच्या कारखान्यात अनेक वर्षे पडदे वरून न ठोकता खाचेत बाजूने सरकवून बसवीत. अशा पडद्याचे काटे लाकडात आडवे मार्ग काढून गेलेले असतात; त्याला सरळ वर ओढले तर खाचेच्या कडा फुटतात. म्हणून जाणता कारागीर तो ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने हळूहळू ठोकून बाहेर काढतो. उडालेली प्रत्येक कपची जपून ठेवून तिथल्या तिथे चिकटवितात.

रिकाम्या खाचांत जुने लॅकर आणि सरस साठलेला असतो. तो बारीक करवतीने काढताना खाच रुंद होऊ देता कामा नये. ही खाच सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच अधिक रुंद असते. मेपल कठीण असल्यामुळे ते दबत नाही. खाचेपेक्षा जाड पातीचे एकवीस पडदे ठोकले, तर ते एकवीस पाचरींप्रमाणे काम करतात आणि सबंध दांडी मागे वाकते. उलट पात सैल झाली तर पडदा वर उचलला जातो आणि स्वर मरतो. नव्या पडद्याची पात जुन्या खाचेला मोजून निवडणे, हेच या कामातील अर्धे कौशल्य आहे.

पडदे निघाल्यावर दांडीची दर्शनी बाजू घासावी की नाही, हा सर्वांत कठीण निर्णय असतो. पृष्ठभाग उंचसखल असेल तर नवे पडदेही उंचसखल बसतात. म्हणून घासण्याचा कल स्वाभाविक आहे. पण एकदा पॉलिशकागद फिरला की मूळ लॅकर जाते. काळाने आलेला मधाचा रंग जातो, बोटांनी झिजून पडलेल्या काळसर टिकल्या जातात, आणि सगळा पृष्ठभाग नव्याने रंगवावा लागतो. जुन्या फेंडरची दर्शनी बाजू सुमारे सव्वासात इंच त्रिज्येच्या कमानीत असते. निष्काळजी घासण्यात ती कमानही बिघडते. आतील पोलादी गज पिळून दांडी आधी सरळ करावी, पट्टी लावून तपासावी, आणि जो दोष पडद्यांच्या माथ्यांवर निस्तरता येईल तो लाकडावर निस्तरू नये, हा नियम येथे उपयोगी पडतो. धातू पुन्हा मिळतो. गेलेला पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही.

नवा पडदा दांडीच्या कमानीपेक्षा किंचित अधिक वाकवून घेतात, म्हणजे त्याची टोके उचलली जात नाहीत. मग आधी दोन्ही टोके आणि नंतर मध्य, अशा क्रमाने तो मऊ तोंडाच्या हातोडीने ठोकतात किंवा दाबयंत्राने बसवितात. टोके कापून, कड तिरपी घासून, हाताला बोचणार नाहीत अशी केली जातात. त्यानंतर माथ्यांवर शाई लावून सरळ कानशीने घासतात. जेथे शाई उरते तेथे पडदा खाली आहे, हे कळते. पातळी साधल्यावर प्रत्येक माथा अंतर्वक्र कानशीने गोल करून चकचकीत करतात. या वेळी लाकडावर कागदी चिकटपट्टी लावण्याची पद्धत आहे. पण जुन्या लॅकरवर ती पट्टीच ओढताना लॅकर घेऊन येते. म्हणून तिचा चिकटपणा आधी कापडावर कमी करून घ्यावा.

एवढ्याने काम संपत नाही. नवे पडदे जुन्यांपेक्षा उंच असतात, आणि खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी, जिला नट म्हणतात, झिजलेल्या पडद्यांच्या हिशेबाने खोल गेलेली असते. परिणामी मोकळी तार पहिल्या पडद्यावर किरकिरते, आणि पुष्कळांना वाटते की पडदे चुकले. वस्तुतः नट बदलावयाचा असतो. घोडीवरील उंची आणि लांबीही नव्याने जुळवावी लागते. हा खर्च व वेळ आरंभीच हिशेबात धरावा.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगते. ग्वाल्हेर-इंदूरकडील कोरड्या दिवसांत ते आकसते, पण धातू आकसत नाही. मग पडद्यांची टोके कडेबाहेर येऊन हाताला खुपू लागतात. हा कारागिराचा दोष असेलच असे नाही. टोके पुन्हा हलकेच घासली की भागते. ज्याला वारंवार पडदे बदलणे नको असेल त्याने स्टेनलेस स्टीलचे पडदे निवडावे. ते फार काळ टिकतात, पण कारागिराची हत्यारे झिजवितात, म्हणून मजुरी अधिक पडते. आणि वादनानंतर तारा व पडदे कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय कोणत्याही धातूला उपकारकच ठरते.

श्रोतेहो, गिटार कारागिराच्या हाती देण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचारा. पडदे घासून भागणार नाही काय? दर्शनी बाजूचे लॅकर राखणार की काढणार? नव्या पडद्यांबरोबर नटही करणार ना? जो कारागीर या प्रश्नांना न कंटाळता, दांडी हातात घेऊन, तारा ताणलेल्या असतानाच ती पाहून उत्तर देईल, त्याच्या स्वाधीन वाद्य निःशंकपणे करावे. पडदे झिजतात ते बदलण्यासाठीच. ते बदलताना मेपल जसेच्या तसे राहिले, तर वाद्य परत घेणाऱ्याच्या हाताला आपलीच दांडी लागते.