वळिवड्याच्या बराकी, वॉर्सातले महाराज
साम्राज्य गेले, मग? : भाग ९

गेल्या भागात आपण १९३०च्या दशकात बेल्जियमने रवांडात वाटलेल्या ओळखपत्रांची कथा पाहिली. कागदावर ‘हुतू’ आणि ‘तुत्सी’ असे शिक्के मारून ठेवले आणि पुढे त्याच शिक्क्यांनी माणसे वेचून मारली गेली. साम्राज्याच्या जमाखर्चातले ते खर्चाचे पान होते. आज जमेच्या बाजूचे एक पान उघडू. हे पान वर्गात शिकवायला सोपे आणि ऐकायला गोड आहे. म्हणूनच ते जरा जपून वाचायला हवे.

पोलंडची राजधानी वॉर्सा. तिथे ‘बेदनार्स्का’ नावाने ओळखली जाणारी एक शाळा आहे. कम्युनिस्ट राजवट कोसळली त्याच वर्षी, १९८९ मध्ये, पालक आणि शिक्षकांनी मिळून ती काढली. विद्यार्थ्यांची स्वतःची संसद आणि स्वतःचे न्यायालय असलेली ही शाळा. चेचन्यासारख्या युद्धग्रस्त भागांतून आलेल्या निर्वासित मुलांना तिने वर्गात घेतले. या शाळेला नाव आहे नवानगर संस्थानच्या जामसाहेबांचे. म्हणजे क्रिकेटपटू रणजितसिंहांचे पुतणे आणि वारसदार महाराजा दिग्विजयसिंह. शहरातल्या ओखोता भागात ‘भल्या महाराजांचा चौक’ही आहे. ज्या माणसाने पोलंडमध्ये कधी राज्य केले नाही, त्याचे नाव तिथल्या मुलांच्या दाखल्यावर कसे गेले?

उत्तर १९३९ पासून सुरू होते. त्या वर्षी १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलर पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिन. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबे रात्री-अपरात्री उठवून मालगाड्यांत कोंबली आणि सायबेरिया, कझाकस्तान, अर्खांगेल्स्ककडे पाठवली. सोव्हिएत दफ्तरातली नोंद चार फेऱ्यांत मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांची आहे. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा फासे पालटले. त्याच वर्षी ३० जुलैला लंडनमधले पोलंडचे परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, हद्दपार पोलिशांची सुटका झाली आणि जनरल आंदर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारायला घेतली. १९४२ मध्ये ही फौज कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. तिच्यामागोमाग बायका, म्हातारे आणि हजारो मुले आली. कितीतरी मुलांचे आईबाप वाटेतच गेले होते.

त्याआधीच काही अनाथ मुले अश्गाबात, मशहद, क्वेट्टा अशा खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात पोचू लागली होती. मदतसामग्री घेऊन गेलेल्या ट्रकांतूनच त्यांना परत आणले गेले. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिन्स्का या कामामागे हात धुऊन लागल्या होत्या. पहिली मुले आधी वांद्र्यात उतरली. मग जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडी इथे समुद्राकाठी, आपल्या उन्हाळी महालाजवळ, त्यांच्यासाठी छावणी बांधून दिली. खर्चासाठी इतर संस्थानिकांनी आणि दानशूरांनीही हात सैल सोडला. बालाचडीत चार वर्षांत मिळून सुमारे हजार मुले राहून गेली. ‘उपकार कसे फेडू?’ असे विचारल्यावर, ‘पोलंड स्वतंत्र झाल्यावर तिथल्या एखाद्या रस्त्याला माझे नाव द्या,’ असे जामसाहेब म्हणाले, ही आठवण त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत जपली. शाळेचे नाव आणि चौक यांचे मूळ तिथे आहे.

बालाचडी लहान मुलांची होती. मोठी छावणी आपल्याकडे झाली, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली आणि त्यांत बायका-मुलांचाच भरणा होता. चटयांच्या भिंतींच्या कौलारू बराकींच्या लांब ओळी, चर्च, दवाखाना, शाळा, नाटकांसाठी रंगमंच आणि घट्ट बांधणीचे स्काउट पथक. छातीच्या विकाराच्या मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवत. पुस्तकांची अडचण मोठी. जर्मनीच्या टाचेखालच्या पोलंडमधून क्रमिक पुस्तके येणार कशी? ती पॅलेस्टाइनमध्ये आंदर्सच्या फौजेच्या छापखान्यांत छापली जात. कोल्हापुरी उन्हात बसलेल्या मुलीने पोलंडचा भूगोल जेरुसलेममध्ये छापलेल्या पुस्तकातून शिकावा, असा तो काळ होता.

कथा साधारणपणे इथे संपते. ‘अतिथी देवो भव’ म्हणून टाळ्या पडतात. पण वर्गात एखाद्या चौकस मुलाने हात वर करून विचारले की ही मुले हिंदुस्थानातच का आली, तर? तिथून खरा धडा सुरू होतो.

जगाचा नकाशा समोर घेऊन पोलिश छावण्यांवर टिकल्या लावा. कराची, बालाचडी, वळिवडे. पूर्व आफ्रिकेत टांगानिकातले तेंगेरू, युगांडातले मसिंदी आणि कोजा. त्याखाली उत्तर ऱ्होडेशियातले अबरकॉर्न, दक्षिण ऱ्होडेशियातले रुसापे. पार खाली न्यूझीलंडमधले पाहिआतुआ. मेक्सिकोतल्या सांता रोझासारखा अपवाद वगळला, तर या टिकल्या जोडून जे चित्र उमटते, ते ब्रिटिश साम्राज्याचे आहे. इराणात तेव्हा धान्याची टंचाई होती, तिथल्या ब्रिटिश फौजेला निर्वासितांचा भार नको होता आणि युद्धात गुंतलेल्या खुद्द ब्रिटनमध्ये त्यांना नेणे सोयीचे नव्हते. मग त्यांना ठेवायचे कुठे? जिथे जमीन हुकमाने मिळते, मजूर स्वस्त आहेत आणि स्थानिक लोकांना विचारायची गरज नाही, तिथे. वसाहत असण्याचा अर्थ हाच होता.

वळिवड्याला कोणाला विचारले गेले? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते आणि गादीवर दत्तक घेतलेले तान्हे मूल होते. कारभार रीजन्सीचा, आणि रीजन्सीवर नजर ब्रिटिशांची. पोलिश माणसांच्या पोटापाण्याचा खर्च लंडनमधल्या परागंदा सरकारच्या खाती पडायचा. दिल्लीचे सरकार पाहुण्यांना जागा द्यायला तयार होते, पण तिजोरीला तोशीस लागू द्यायची नाही, हा हिशेब पक्का होता.

आता त्याच १९४३ सालाचे दुसरे पान पाहा. वळिवड्याच्या बराकी उभ्या राहत होत्या तेव्हा बंगालमध्ये दुष्काळ पडला होता आणि त्यात सुमारे तीस लाख माणसे गेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर मुले मरत होती. त्यांच्यासाठी आगगाड्या, बराकी, दूधपावडर, वेगळा अधिकारी, यांतले काही वेळेवर झाले नाही. त्याआधी वर्षभर जपान्यांपुढून ब्रह्मदेश सोडून पळालेले लाखो हिंदी लोक जंगलातून पायी येत होते. हजारोंनी वाटेत प्राण सोडले. गोऱ्यांना बऱ्या वाटेने आणि हिंद्यांना मरणाच्या वाटेने पाठवल्याचा आरोप तेव्हाच जाहीरपणे झाला होता. 

यात पोलिश मुलांचा काय दोष? काडीचाही नाही. त्यांनी जे भोगले ते भोगू नये असे होते आणि त्यांना मिळाला तो निवारा मिळायलाच हवा होता. प्रश्न असा आहे की तोच निवारा बंगालच्या पोरांच्या वाट्याला का आला नाही. इथे जामसाहेबांची माणुसकी आणि साम्राज्याची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. एका माणसाने दार उघडले, ते त्याचे मोठेपण. पण कोणते मूल जगाला दिसेल आणि कोणते दिसणार नाही, हे दुसऱ्याच कोणी आधी ठरवून ठेवलेले होते.

पोलंडच्या मुलांना हा धडा आणखी अवघड जातो, कारण त्यांचा देश स्वतः तीन साम्राज्यांनी वाटून खाल्लेला. १७९५ ते १९१८ अशी सव्वाशे वर्षे नकाशावर पोलंड नव्हताच. त्यामुळे ‘वसाहतवाद हे इंग्रज-फ्रेंचांचे पाप, आपण तर सोसणारे’ असे म्हणणे तिथे सोपे होते. पण १९३०च्या दशकात तिथे ‘सागरी आणि वसाहती संघ’ नावाची मोठी संघटना होती. पोलंडलाही वसाहती हव्यात, असा तिचा प्रचार असे. युद्धाच्या तोंडावर तिची सभासदसंख्या दहा लाखांच्या घरात गेली होती आणि तिची मंडळे शाळांतूनही चालत. १९३७ मध्ये पोलिश सरकारने एक पथक मादागास्करला धाडले. तिथे पोलंडमधल्या ज्यूंना वसवता येईल का, हे त्याने पाहायचे होते. हेन्रिक सेंकेविचची १९११ ची एक मुलांची कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या शालेय वाचनात आहे. तिचा पोलिश बालनायक सुदानच्या वाळवंटातून वाट काढतो. त्या कादंबरीत आफ्रिकी माणसे ज्या नजरेने रंगवली आहेत, त्यावर गेल्या काही वर्षांत पोलंडमध्ये खडाजंगी चालू आहे. स्वतः पारतंत्र्य सोसलेल्याच्या मनातही दुसऱ्याला खाली पाहण्याची हौस असू शकते. हे शिकणे त्या मुलांसाठी जामसाहेबांचे गोडवे गाण्याइतकेच गरजेचे आहे.

हे शिक्षण नुसते परीक्षेपुरते राहत नाही, हे गेल्या काही वर्षांत दिसले. २०२१ मध्ये बेलारूसने इराक, सीरिया, अफगाणिस्तानातली माणसे पोलंडच्या सीमेवर आणून सोडली. पोलिश सरकारने सीमापट्टीत आणीबाणी लावली आणि लोकांना जंगलात मागे ढकलले. त्यांत मुलेही होती. त्या शरदात सीमेलगतच्या काही घरांच्या खिडक्यांत हिरवे दिवे लागले. अर्थ असा की इथे दार ठोठावले तर गरम जेवण, सुका कपडा आणि फोन चार्ज करायला जागा मिळेल, पोलिसांना बोलावले जाणार नाही. चारच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्याच सरकारने शेजाऱ्यांसाठी सीमा सताड उघडली. काही आठवड्यांत पोलिश शाळांत दीड लाखाहून अधिक युक्रेनी मुले दाखल झाली. रेल्वे स्थानकांवर गळ्यात रुमाल बांधलेली स्काउटची पोरे चहा देत होती, गाड्या दाखवत होती, सामान उचलत होती.

याच गर्दीत आपलीही मुले होती. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना सरकारने ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून परत आणले. त्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती. पोलंडने त्यांना व्हिसाशिवाय आत घेतले आणि झेशूवच्या विमानतळावरून अनेकांची विमाने सुटली. मात्र पोलंडच्या सीमेपर्यंत पोचण्यात सगळ्यांची गत सारखी नव्हती. युक्रेनच्या बाजूला आफ्रिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना रांगेत मागे सारल्याच्या तक्रारी जगभर छापून आल्या. ऐंशी वर्षांनंतरही माणसाचा रंग आणि पासपोर्ट पाहूनच रांग हलत होती.

आता वळिवड्याकडे वळू, कारण ही गोष्ट अजून संपलेली नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली आणि लंडनचे परागंदा सरकार एका रात्रीत निराधार झाले. छावण्यांची जबाबदारी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे गेली. १९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन तिथली मुले वळिवड्याला आली. मग १९४८ पर्यंत वळिवडेही रिकामे झाले. कोणी इंग्लंडला, कोणी पूर्व आफ्रिकेला गेले, काही पोलंडला परतले. बराकी मात्र ओस राहिल्या नाहीत. फाळणीने घरदार सोडायला लावलेली सिंधी कुटुंबे त्यांत राहायला आली. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी दूरदूरचे व्यापारी ज्या गांधीनगरला येतात, ते असे वसले. एक निर्वासित उठला आणि दुसरा त्याच्या जागी बसला. पहिल्याचे घर स्टालिन-हिटलरने मोडले, दुसऱ्याचे घाईघाईत आखलेल्या सरहद्दीने.

सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात पोलिशांच्या आठवणीसाठी स्तंभ उभारला गेला. ज्यांचे बालपण इथे गेले असे म्हातारे पोलिश नागरिक त्यासाठी आवर्जून आले. कोल्हापुरात महावीर उद्यानातही त्यांचे स्मारक आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या ऋणाची खूण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केले आणि जामसाहेबांच्या नावाने दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतभेटीला बोलावण्याची योजना जाहीर केली. हे सगळे उत्तमच. पण या तरुणांना आपण दाखवणार काय? नुसता स्तंभ दाखवून, हार घालून, जेवण देऊन परत पाठवले तर तो सत्कार होईल, शिक्षण होणार नाही. त्यांना गांधीनगरच्या आजोबा-आजींकडे न्यावे आणि १९४८ मध्ये त्या बराकीत आल्यावर काय दिसले, चूल कुठे मांडली, शाळेत नाव कोणत्या भाषेत घातले, हे विचारू द्यावे. वळिवड्याच्या म्हाताऱ्या माणसांना छावणीला दूध आणि भाजी कोण पुरवत होते, हे विचारावे. कोल्हापूरच्या एखाद्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांना हेच काम दिले, तर फाळणी, युद्ध आणि संस्थानी कारभार हे तीन धडे एकाच गावात शिकून होतील. विचारायची घाईही करायला हवी. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसे आता नव्वदीच्या उंबऱ्यावर आहेत.

आणि मदतीचे काय? आज गाझा, सुदान, म्यानमार इथल्या मुलांसाठी आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतून निधी गोळा करायची इच्छा असणारे विद्यार्थी भेटतात. त्यांनी जरूर करावा. फक्त डबा फिरवण्याआधी वर्गात एक तास बसून दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत : ही मुले संकटात कशामुळे पडली, आणि त्याच वेळी दुसरीकडची कोणती मुले आपल्या नजरेतून निसटली? पहिले उत्तर शोधताना बहुतेक वेळा जुनी एखादी सरहद्द, जुना एखादा करार किंवा जुने एखादे शिक्के सापडतील. दुसऱ्या उत्तराने आपली यादी लांबेल. ती लांबणे चांगलेच. १९४३ मध्ये दिल्लीच्या सरकारने ती आखूड ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात : शत्रूच्या मुलांना जेवू घाला, असे १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पत्रके वाटून सांगणारी आणि त्यासाठी दंड झालेली इंग्रज बाई, एग्लंटाइन जेब. ‘बालहक्क’ या कल्पनेचा जन्म तिच्यापासून कसा झाला आणि वसाहतींमधली मुले त्या हक्कांत कधी मोजली गेली, ते पाहू.