जंतू मेले, नसांचे काय?

परतवाड्याला लागून असलेल्या कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. चिखलदरा-धारणीकडून घाट उतरून येणारा कोरकू रुग्ण असो की अचलपूर, चांदूर बाजारकडचा शेतमजूर, हातापायाला बधिरपणा आला की दोघांच्याही वाटा इथे येऊन मिळतात. अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी 1940च्या दशकात तपोवन उभे केले, त्याआधी 1936 मध्ये मनोहरजी दिवाण वर्ध्याजवळच्या दत्तपूरला कुष्ठरुग्णांमध्ये जाऊन राहिले होते, पुढे बाबा आमट्यांचे आनंदवन आले. वऱ्हाड-विदर्भाच्या या इतिहासाचे कथन आजवर दोन अंगांनी झाले. एक अंग सेवेचे, दुसरे औषधाचे. दोन्ही खरी आहेत. तरीही शरीरात नेमके काय बिघडले आणि काय आजही बिघडते आहे, हे त्यांतून कळत नाही. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा, त्यातही त्या तंतूंना वेढून बसलेल्या एका विशिष्ट पेशीचा आजार आहे. गेल्या दीडशे वर्षांकडे त्या पेशीच्या बाजूने पाहिले, तर यशाची गणना आपण चुकीच्या खुणांवरून करत आलो असे दिसते.

ही गोष्ट जुन्या वैद्यांना अजिबात ठाऊक नव्हती असे नाही. नॉर्वेत डॅनिएलसेन आणि बोक यांनी 1847 मध्येच या रोगाचा बधिरपणा आणणारा प्रकार वेगळा नोंदवला होता. आपल्याकडे हेन्री वँडाइक कार्टर यांनी तेच काम पुढे नेले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली 1858 ची चित्रे याच माणसाची. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर साताऱ्यात सिव्हिल सर्जन असताना त्यांनी कुष्ठरोगाचा चिकाटीने अभ्यास केला, आणि रोगाने पोखरलेल्या नसा त्यांच्या लिखाणात ठळक आहेत. पण 1873 मध्ये बर्गेनला हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला. शोध मोठाच होता. शाप आणि पूर्वजांचे पाप या कल्पनांना त्याने मुळातूनच सुरुंग लावला. मात्र त्या दिवसापासून साऱ्यांचे डोळे जंतूवर खिळले आणि नस मागे पडली. रोग म्हणजे जंतू, जंतू गेला की रोग गेला, हे समीकरण तेव्हापासून पक्के होत गेले.

जंतू नसेत शिरून करतो काय, हे समजायला निरोगी नस कशी चालते ते पाहावे लागते. तळपायाच्या कातडीतली संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशीचे मुख्य शरीर कण्याच्या खालच्या भागालगत असते आणि तिथून तिचा एक धागा, म्हणजे अक्षतंतू, थेट पायाच्या बोटापर्यंत जातो. मोठ्या माणसात ही लांबी मीटरभर भरते. एकाच पेशीचा हा पसारा. धाग्याच्या आवरणातून सोडियमचे आयन आत घुसतात, तिथला विद्युतदाब उलटतो, शेजारचा भाग जागा होतो आणि संदेश पुढे सरकतो. पण एवढा लांब धागा एकट्याच्या बळावर जगू शकत नाही. त्याच्या पूर्ण लांबीवर श्वान पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी 1839 मध्ये त्यांचे वर्णन केले. जाड धाग्याभोवती या पेशी मायलिनचे थर गुंडाळतात. एकेक पेशी फार तर मिलिमीटरभराचा तुकडा सांभाळते, दोन तुकड्यांमध्ये उघडी फट राहते आणि संदेश फटीवरून फटीवर उड्या घेत सेकंदाला कित्येक मीटर धावतो. वेदना आणि ऊन-थंड कळवणारे बहुतेक धागे मात्र बारीक आणि मायलिनविना असतात. एकच श्वान पेशी असे अनेक धागे पोटाशी धरते. त्यांचा संदेश सेकंदाला मीटरभराच्या गतीने जातो. श्वान पेशी धाग्याला पोसते, आणि धागा तुटलाच तर नव्या अंकुराला वाट दाखवते. त्या वाटेने तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढू शकतो. मेंदू आणि मेरुरज्जूत हे जवळपास होत नाही, हातापायाच्या नसांत होते. पुढच्या युक्तिवादाचा सारा भार या एका फरकावर आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच पेशीत घर करतो. तो विलक्षण संथ आहे, एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस घेतो. प्रयोगशाळेच्या कृत्रिम खाद्यावर तो आजवर कुणालाही वाढवता आलेला नाही. शरीराच्या आतल्या उबेपेक्षा थोडी थंड जागा त्याला मानवते. म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा आधी सापडतात: कोपराच्या आतल्या खोबणीतली, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, घोट्यामागची. बारीक धागे आधी निकामी होतात, त्यामुळे प्रथम ऊन-थंड कळेनासे होते, मग दुखणे. घाम आणणारे धागे गेले की कातडी कोरडी पडून भेगाळते. तुरीचे धसकट तळपायात रुततं आणि चालणाऱ्याला पत्ता नसतो. तव्यावरची भाकर उलटताना बोट भाजतं आणि हात मागे येत नाही. कोपराची नस गेली की पंज्याचे लहान स्नायू लुळे पडून बोटे आकडतात. बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे, हा समज वैद्यांमध्येही दीर्घकाळ टिकून होता. 1940च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी तो मोडून काढला. बोटांचे मांस सडत नाही, बधिर हातापायाला रोज होणाऱ्या आणि न कळणाऱ्या इजांनी ती झिजतात, हे त्यांनी दाखवले. याच सुमारास मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सुरुवातीचे चट्टे तपासत होते आणि नसेचे टोक हे या जंतूचे पहिले ठाणे असल्याचे मांडत होते. पुढे डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. वनजा शेट्टी यांच्या मुंबईतल्या संशोधनात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले की मायलिन उतरण्याच्या आधी अक्षतंतूच वाळू लागतो. मराठी मुलखात झालेले हे काम सामान्य वाचकापर्यंत फारसे आलेच नाही, याची मला खंत वाटते. सेवेच्या कथा आपण जपल्या. त्याच माणसांच्या नसांबद्दल इथेच मिळवलेले ज्ञान जपले नाही.

औषधाची बाजू याउलट सर्वांना ठाऊक आहे. 1940च्या दशकात सल्फोन आले, डॅप्सोनची गोळी गावोगाव पोचली, 1951 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार यांची सांगड घालून घरोघर रुग्ण शोधण्याची पद्धत बसवली. डॅप्सोनला जंतू दाद देईनासा झाला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांची बहुविध उपचारपद्धती सुचवली, आणि ती देशात सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. डिसेंबर 2005 मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. या यशाला मी कमी लेखत नाही. पण हे प्रमाण म्हणजे त्या घडीला औषध चालू असलेल्या रुग्णांची संख्या. सहा किंवा बारा महिन्यांची पाकिटे संपली की नाव यादीतून उतरते, कोपराची नस चालते की नाही याच्याशी त्या यादीला देणेघेणे नसते. आणि नस तर पुष्कळदा जंतू मेल्यानंतरच जाते. मेलेल्या जंतूंचे अवशेष महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पेशींत पडून राहतात; शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि नस सुजते. नसेभोवतीचे वेष्टण चिवट, सुजेला फैलावायला जागा नाही; रक्तपुरवठा आवळला जातो आणि आतले धागे गुदमरतात. यालाच डॉक्टर रिअ‍ॅक्शन म्हणतात. कित्येकदा हे दुखण्याशिवाय, गुपचूप घडते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की मुळात जंतू लवकर मारला तर नस जाणारच नाही, मग पैसा आणि मनुष्यबळ तिकडेच लावावे. अर्धे उत्तर ‘होय’ आहे. लवकर निदान ही नसेचीच राखण आहे. पण उरलेले अर्धे उत्तर पेशीच्या अभ्यासाने दिले. 1997-98 मध्ये अनुर रामबुक्काना आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जंतू श्वान पेशीभोवतीच्या लॅमिनिन या प्रथिनाचा आधार घेऊन तिला चिकटतो. 2013 मध्ये त्यांच्याच गटाने उंदरांच्या पेशींत दाखवले की आत शिरलेला जंतू श्वान पेशीची ओळख पुसून तिला मूळ पेशीसारखी बनवू शकतो. 2017 मध्ये झेब्राफिश या माशावरच्या प्रयोगांत दिसले की जंतू खाणाऱ्या महाभक्षक पेशीच आपल्या रसायनांनी नसेला इजा करतात. म्हणजे जंतूवरचा हल्ला आणि नसेची हानी एकाच प्रक्रियेत घडू शकते. गेलेली नस परत येत नाही म्हणून प्रयत्नच व्यर्थ, हेही खरे नाही. हातापायाच्या नसेत पुन्हा वाढण्याची क्षमता असते हे वर आलेच. बधिरपणा नवा असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतला असेल, तर प्रेडनिसोलोन या सूज उतरवणाऱ्या औषधाने बऱ्याच रुग्णांत संवेदना आणि ताकद काही अंशी तरी परत येते. उशीर झाला की आत तंतुमय ऊती भरते आणि वाट बंद होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुष्ठरुग्णाला नसेपेक्षा समाजाने जास्त छळले, आणि तपोवन-आनंदवनाने त्याला काम आणि मान दिला ते पेशीविज्ञानाची वाट न पाहता. हे निर्विवाद खरे आहे. तरी समाज कशाला भ्याला ते पाहावे. कुष्ठरुग्णांविषयीच्या 1898 च्या कायद्याने मूळ व्याख्येत व्रण पडू लागलेल्या रुग्णाला लक्ष्य केले होते. तो व्रण म्हणजे बधिर पायाची चिघळलेली जखम. कायदा 2016 मध्ये रद्द झाला, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहणार नाही अशी दुरुस्ती 2019 मध्ये आली, पण वाकडा पंजा आणि न भरणारी जखम दिसली की घर नि गाव आजही मागे सरते. कातडीवरचा चट्टा कपड्याखाली झाकता येतो, गेलेली नस झाकता येत नाही. शिवाय श्रमातून प्रतिष्ठा द्यायची तर बधिर हाताला कुदळ देताना मूठ गुंडाळून द्यावी लागते, पायात मऊ रबराची एमसीआर चप्पल लागते. नसेचे ज्ञान आणि माणुसकी इथे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

मेळघाटातल्या उपकेंद्रात नसा कोण तपासणार, असेही विचारले जाते. त्यासाठी यंत्र लागत नाही. कोपराच्या खोबणीत, घोट्यामागे बोटाने नस चाचपून जाड किंवा दुखरी आहे का पाहायचे, डोळे मिटायला सांगून तळहात-तळपायावर ठरलेल्या जागी बॉलपेनचे टोक टेकवायचे, करंगळी बाजूला करून दाबाला टिकते का आणि पाऊल वर उचलते का ते बघायचे. आशा ताईला हे शिकवता येते. अडचण मोजणीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत बधिर पण धडधाकट दिसणारा हातपाय पहिल्या श्रेणीत आणि दिसणारी विकृती दुसऱ्या श्रेणीत पडते. राष्ट्रीय आणि जागतिक उद्दिष्टे दुसऱ्या श्रेणीवर बेतलेली असतात. वाचवता येण्याजोगी नस पहिल्या श्रेणीत असते. देशात आजही वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त, आणि 2027 पर्यंत संसर्ग शून्यावर आणण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरले आहे. ते साधले तरी आधी पाकिटे संपवून घरी गेलेल्यांच्या नसा पुढची कित्येक वर्षे धोक्यात राहतील. त्यांच्यासाठी उपचार संपल्यानंतरही काही वर्षे ठरावीक मुदतीने नसांची तपासणी आणि पहिल्या श्रेणीची जिल्हावार जाहीर आकडेवारी, या दोन गोष्टींची मागणी अमरावती जिल्ह्याने करायला हवी. कोठाऱ्यासारखे रुग्णालय जवळ असताना त्याची सुरुवात अचलपूर, चिखलदरा आणि धारणी या तीन तालुक्यांतून सहज होऊ शकते.